बत्तिसावा आठवडा

उचगावच्या पुलाजवळ, शिकलगारच्या दुकानापुढं
मी उकिडवी बसलेय मागच्या चाकापाशी.
खाचेतला खडा केसातल्या आकड्यानं उकरून काढते,
पाच रुपयांचं नाणं उभं घालून बघते किती बुडतं.
बुडतच नाही.
नुसतं टेकतं, उन्हात चमकतं.

"त्यात काय बघायचं वहिनी, टक्कल पडलंय."
"टक्कल दिसतंय मला. मी बगला बघतो."
बगलांना भेगा,
बारीक, टाचेला पडतात तशा.

कागदावर ही पिकअप तेराशे किलो उचलते.
शिरोलीच्या फौंड्रीत बिडाचे पंप भरतात
तेव्हा काट्याच्या पावतीकडे मी फार बघत नाही.
टायर बघतात.
खाली कुडाळला माल उतरवून
वर येताना जांभ्याचे चिरे,
मोजून घेतलेले, आणि त्यावर चार जास्तीचे
खाणवाल्याच्या ओळखीखातर.

शिकलगार एकेक टायर लोटत आणतो,
स्थळं दाखवल्यासारखी.
हे नायलॉनचं, दगडाधोंड्याला भीत नाही, पण तापतं.
हे रेडियल, डिझेल राखतं, बगलेला नाजूक.
हे रिमोल्ड, अर्ध्या पैशात…
माझ्या तोंडाकडे बघून तो ते स्वतःच मागं ढकलतो.
त्याला ठाऊक आहे,
गेल्या मे महिन्यात भुईबावड्याच्या घाटात
असल्याच एकाची साल निघून मडगार्डला फडफडत होती
आणि मी अर्धा तास गाडीच्या सावलीत बसून
हातांची थरथर थांबायची वाट बघत होते.

मग तो माळ्यावरून एक जोडी उतरवतो,
अजून कागदात गुंडाळलेली.
"आठ प्लाय. जुन्या भावात देतो.
एक किलोमीटरसुद्धा पळालं नाही बघा."
मी कागद फाडते,
अंगठा ओला करून धूळ पुसते
चार आकडे असतात तिथली.
बत्तीस. एकोणीस.

एकोणीस सालचा बत्तिसावा आठवडा.
मला वर्षाचे आठवडे मोजता येत नाहीत. हा येतो.
तेव्हा शिरोलीला हायवेवर पाणी होतं
आणि ही गाडी भरल्या मालानिशी
पुलाच्या चढावर सहा दिवस उभी होती.
मी केबिनमध्ये.
शेजारच्या टँकरवाल्यानं स्टोव्हवर भात केला,
पातेल्याच्या झाकणात मला वाढला.
त्याच आठवड्यात कुठल्याशा कारखान्यात
हे टायर साच्यातून गरम गरम बाहेर पडलं
आणि तेव्हापासून माळ्यावर.
मी किती घाट उतरले, ते कुठंच गेलं नाही.
तरी वय झालंच त्याचं.

"पळालं नाही म्हणूनच नको."
शिकलगार हसतो,
आणि आता कुठं दहा प्लायचं रेडियल काढतो,
यंदाच्या मार्चमधलं.

पैसे दोनच टायरांचे.
"नवी पुढं," जॅक लावता लावता पोऱ्या म्हणतो,
"सगळी पुढंच घालत्यात, स्टेअरिंगला बरं."
दीर फोनवर तेच सांगतो, दोनदा.
मी म्हणते, मागं.
पुढचं घसरलं तर हाताला कळतं.
मागचं घसरल्याचं कळतं
तोवर गाडीनं दरीकडं तोंड केलेलं असतं.

काढलेल्यातलं एक टायर
तालमीतली दोन पोरं मागून नेतात,
कमरेला दोरी बांधून मातीत ओढायला.
"हलकं पडंल रे!" शिकलगार ओरडतो.
"वर ह्यो बसतोय की!"

हवा पासष्ट.
व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघते.
नव्या रबरावरचे बारीक केस अजून ताठ आहेत,
तळव्याला गुदगुल्या करतात.
गगनबावड्याच्या अलीकडंच झडतील.