हत्तुरे साहेब

त्याचं नाव एत्तोरे.
पहिल्याच पाळीत आम्ही त्याचा हत्तुरे केला,
होटगी रोडवरचा कुणाचा तरी सोयरा असल्यासारखा.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात इटलीहून चार माग आले,
ते बसवायला हा आला,
पन्नाशीचा, गालफडं आत गेलेला,
गुडघ्यावर जुने टाके.

पहाटे साडेचारला कंबर तलावाकडं पळायचा.
वॉचमन कुरापाटी पहिल्या दिवशी
चोर समजून काठी घेऊन मागं लागला,
दुसऱ्या वळणावर खाली बसला.
"म्हातारं हाय का हरीण बे!"

टपरीवर त्यानं सांगितलं,
थोडं इंग्रजीत, बाकी बोटांनी:
अकरा मॅरेथॉन.
एक जिंकली, गावाकडची,
बक्षीस एक सायकल आणि गाडीच्या चाकाएवढं चीज.
एकदा देशाच्या संघात नाव लागलं, राखीव.
राखीव म्हणजे
पूर्ण गणवेश घालून
दुसऱ्यांचे कपडे सांभाळायचे.
आणि एकदा, मोठ्या शहरात,
एकोणचाळीसाव्या किलोमीटरपर्यंत त्याच्यापुढं
फक्त कॅमेरावाल्याची फटफटी होती.

मग?
मग त्यानं काचेचा ग्लास आडवा केला.
उरलेला चहा बाकड्यावरून
हळूहळू खाली गेला.

ताण्याचा एक धागा तुटला
की माग आपोआप थांबतो, तो म्हणाला,
मागाला त्याचं काही वाटत नाही.
मी तीन किलोमीटर चालत गेलो.
लोक टाळ्या वाजवत होते.
त्या टाळ्या अजून येतात, झोपेत,
तुमच्या शेडच्या आवाजातूनसुद्धा.

एका रात्रपाळीला त्यानं आपलं घड्याळ
माझ्या नानांच्या मनगटावर बांधलं.
नाना चार मागांमध्ये फिरतात,
कुठं गाठ मार, कुठं कांडी बघ,
टॉवेलची किनार बोटानं चाचप.
सकाळी आकडा आला:
एकोणीस किलोमीटर, चारशे मीटर.

हत्तुरेनं सुताच्या खोक्यावर गुणाकार मांडला.
वर्षाचे तीनशे दिवस,
अशी एकतीस वर्षं.
हातचा घेता घेता
पेन्सिल थांबली.
काय म्हणतोय बे, नानांनी विचारलं.
तुम्ही लई पळलात म्हणतोय.
"पळलो कुठं? चार पावलं तिकडं, चार इकडं.
घड्याळ देऊन टाक त्याचं, हात घामेजतोय.
आणि विचार, दोन नंबरचा माग चालू कधी करणार?"

मे महिन्यात तो गेला.
जाताना बूट ठेवून गेला, नंबर चव्वेचाळीस,
त्या दिवशीच्या उन्हाएवढा.
नानांनी टोकात सुताचा गुंता कोंबून
आठवडाभर घातले,
मग पाय भाजतात म्हणून पुढचा भाग कापला.
आता सोल बघून कळत नाही
कुठली झीज कुणाची.

कारखान्यात त्याचं कुणी नाव काढत नाही.
फक्त चौथा माग कधीमधी
उगीच थांबतो.
धागा शाबूत, दिवा लाल.
त्या मागाला नाना हत्तुरे म्हणतात.
कळ लगेच दाबत नाहीत,
त्याच्यापाशी जरा उभे राहतात,
बाकीचे तीन खडखडत असताना.