चित्र अडकतं

धनकवडी, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
तक्रारीत दोनच शब्द : चित्र अडकतं.
जिना चढतानाच उत्तर तोंडात तयार,
सात वर्षं सगळ्यांना तेच देतोय :
व्हिडिओ बंद करा, आवाज नीट येईल.

बेल दाबली तर आत दिवा लुकलुकला.
मला वाटलं, वायरिंगचा घोळ.

कुंदा दहिभाते यांनी माझं वाक्य
ओठांवरून वाचलं, शेवटपर्यंत,
आणि लाइटबिलाच्या पाठीवर लिहिलं :
आवाज काय करायचाय? हात दिसू देत.

पलीकडे उदगीर. शाळेतली मैत्रीण,
गच्चीत, पाण्याच्या टाकीला टेकून,
नेटवर्कची एकच कांडी.
तिचा हात छातीपाशी उठला
आणि तिथंच राहिला. बोटं उघडी, अर्धा शब्द.
मग एकदम तीन वाक्यं पुढची.
कुंदाताईंनी कपाळावर हात मारला.
तेवढी खूण मलाही कळली.

राउटर लोखंडी कपाटामागे होता,
लोकं त्याला का लपवतात कोण जाणे.
खिडकीत आणला.
आतल्या खोलीत पुतण्या मॅच बघत होता,
त्याला म्हटलं, स्कोअर टपरीवर कळेल, जा.
फुलाफुलांचा पडदा सरकवला, मागे कोरी भिंत,
उजेड समोरून.
माइक बंद. आणि चित्राचा दर्जा
खाली, आणखी खाली,
जिथं एरवी गिऱ्हाईक भांडायला उठतं.
धूसर चालेल, पण सलग हवं,
हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

उदगीर परत आलं, नाक-डोळे पुसलेलं.
टाकी कुठं, बाई कुठं, सांगता येईना,
पण दहा बोटं
पाण्यासारखी चालत होती.

तिनं विचारलं असावं, हा कोण?
कुंदाताईंनी दोन बोटं तळहातावरून जिन्यासारखी चढवली,
जीभ बाहेर काढून धापा टाकल्या.
हा मी.
आणि हसल्या, मोठ्यानं, खालचा मजला ऐकेल एवढ्या.
तो आवाज उदगीरला गेला नाही,
मीच बंद केला होता,
तिथं कुणाला हवा होता म्हणा.

फॉर्मवर रकाना असतो, दोष काय होता.
'कपाट' लिहिलं.
उतरताना पहिल्या मजल्यावर थांबलो,
दोन बोटं तळहातावर ठेवून बघितली,
चढतात का.