पत्त्याचा रकाना

परदेशी विद्यार्थ्यांच्या खिडकीत बसतो मी,
सयाजीगंजात, एकोणीस वर्षं.
भिंतीवरच्या नकाशात तिचा देश सापडेना.
"इथे, काका," म्हणाली, बोट ठेवलं
आणि देश बोटाखाली गेला.

सुरीनाम. नाव इंद्रावती जानकीपेरसाद.
आडनाव नाही हो ते, खापरपणजोबांचं नाव,
बोटीवरच्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं.
कारकुनाची चूक पाच पिढ्या टिकते.
मी पेन जरा जपून धरलं.

सर्व्हर बंद पडला त्या दुपारी, दोन तास.
सहज विचारलं, तिकडे दिवसभर करता काय?

तर म्हणाली, सहाच्या सुमारास उजाडतं, बारा महिने,
सातला कचेऱ्या उघडतात, तीनला सगळे घरी.
बसवर हिंदी सिनेमातली नटी रंगवलेली,
डोळे थोडे तिरळे,
आणि बस भरल्याशिवाय हलत नाही.
ड्रायव्हर उतरून नारळपाणी पितो,
कुणीच घड्याळ बघत नाही.
साखर संपली तर कोपऱ्यावरच्या चिन्याकडे उधार.
डावीकडे जावानी शेजारीण, तिच्याकडून सूप येतं,
त्याच भांड्यातून आईची चवळीच्या शेंगांची भाजी परत जाते.
रिकामं भांडं परत करायचं नाही,
(हे तर आमच्याकडचं, मी म्हणालो,
ती म्हणाली, नाही, आमच्याकडचं.)
अर्धा देश हॉलंडला राहतो,
नाताळात तिथून पिंपं येतात भरून
लोकरीचे मोजे, एवढ्या उकाड्यात!
आई त्यांत कांदे टांगते.

आणि मामाचा पक्षी.
मुठीएवढा, काळा.
मामा त्याला पिंजऱ्यासकट कामावर नेतो,
दुकानात, न्हाव्याकडे, एकदा तर दवाखान्यात.
रविवारी पहाटे मैदानात दोन पिंजरे समोरासमोर टांगतात,
कोण जास्त वेळा गातो ते बघायला.
एक माणूस फळ्यावर खडूने रेघ ओढतो,
एका हाकेला एक रेघ.
बाकी सगळे गप्प. शंभर पुरुष, गप्प.

सर्व्हर आला तेव्हा मला जरा रागच आला.

फॉर्मवर रकाना होता : मूळ गाव.
तिने लिहिलं बस्ती जिल्हा, पुढे प्रश्नचिन्ह.
मग मलाच विचारलं, काका, तुमचं?
साताऱ्याजवळचं एक नाव सांगितलं.
पाहिलेलं नाही. आजोबांनीही नव्हतं.
परवा पुण्याच्या भाचीला म्हणालो, बारी बंद कर गं,
तिने जाऊन कपाट बंद केलं,
मग कळल्यावर पोट धरून हसली.
दांडिया बाजारात मात्र बारी म्हणजे खिडकीच, कुणी हसत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती बस्तीला जाऊन आली.
कसं वाटलं? विचारलं.
सेव-उसळीत पाव बुडवत म्हणाली,
चांगले आहेत लोक. जेवू घातलं.
तिसऱ्या दिवसापासून विचारायला लागले
घरी कधी जाणार?

एका संध्याकाळी काळाघोड्याच्या पुलावरून
विश्वामित्रीतली मगर दाखवली तिला,
गाळावर पसरलेली, आमची बडोद्याची ऐट.
घाबरेल वाटलं.
एवढ्या मोठ्या नसतात आमच्याकडे, म्हणाली,
पुराच्या पाण्यातून अंगणात येतात,
आई खराट्याने हाकलते.

मे महिन्यात गेली ती. सही, शिक्का, ना-हरकत.
फाइल मीच बांधली.

हल्ली रविवारी लवकर जाग येते.
शालन झोपलेली असते,
समोरच्या तारेवर बुलबुल बसतो,
आणि मी दूधवाल्याच्या बिलामागे
रेघा ओढत राहतो,
चार उभ्या, एक आडवी.
काल त्रेचाळीस झाल्या.
समोर दुसरा पिंजरा नाही, पहिलाही नाही,
जिंकलं कोण ते ठरत नाही.