सदतिसावा घड

रावेरच्या शिवारात साठ झाडं मोजली.
जमिनीपासून वीतभर वर खोडाचा घेर,
शिंप्याच्या टेपने. कापणीला घडाचं वजन,
पाऊण किलो जास्त दाखवणाऱ्या काट्यावर.
ते मी वजा केलं. अहवालात तसं लिहिलंय.

रेषा आली: घेर एका सेंटिमीटरने वाढला
की घड चारशे ग्रॅमने. सरासरी.
आर-स्क्वेअर शून्य दशांश पाच आठ.
फेगडे सर म्हणाले, बरी आहे,
फार प्रेमात पडू नकोस.

सदतिसावा मात्र रेषेच्या कितीतरी वर,
बांधावर चढून बसल्यासारखा.
प्रज्वल म्हणाला, खोड तो. अठ्ठावन्नाचे सत्तर होतील.
सर म्हणाले, आधी जाऊन ये.

गेले. घड कधीच ट्रकमध्ये गेलेला,
खोड आडवं, बुडाशी नवं पील.
ठिबकची नळी सगळीकडे सारखीच.
हुसनाबाई तडवी तिथे डबा सोडत होती.
"तठीच तं बसतो आम्ही रोज."
भाकर संपली, हात धुतले, चूळ भरली,
बाटलीतलं उरलेलं बुडाशी ओतलं.

एका बिंदूवरून काही सिद्ध होत नाही.
"मापे घेण्यात आली" अशी लिहायची रीत;
टेपचं दुसरं टोक कुणी धरलं,
चिकाने कुणाचे खांदे काळे झाले,
ते त्या वाक्यात येत नाही.
पान बारा, तळटीप: क्रमांक ३७ वगळलेला नाही.
पुढे तिचं नाव, तिला विचारून.

तोंडी परीक्षेला विचारतील, कुठलं चल राहिलं?
पाणी, सर.
मोजलेलं नाही.