खोडवा

माझी जन्मतारीख एक जून.
शिरोळच्या शाळेत गुरुजींनी एका दुपारी
अर्ध्या वर्गाला वाटलेली.
इप्सविचच्या दवाखान्यात विचारतात तेव्हा सांगते
आणि मनात हसते: जन्मापासूनच जून मी,
बाजार उठल्यावर टोपलीत उरलेल्या भेंडीसारखी.

आता विल्फ गॅरड विचारतो,
वय एक्याऐंशी, कानात यंत्र, खुब्यात टायटॅनियम,
की तुमच्या भाषेत म्हाताऱ्याचं तरुण होणं
याला एक शब्द आहे का? एकच?
फेब्रुवारी. स्टोमार्केटच्या पुढचं रान.
हेझलच्या बुंध्यांवर पांढरं दहिवर,
आणि दर बुधवारी आम्ही सात पेन्शनर
झाडं जमिनीलगत तोडायला जमतो.

मी थर्मासचं झाकण फिरवत राहते.
लहान होणं? नको, त्यात मान खाली जाते.
कायाकल्प? तो एसटी स्टँडच्या भिंतीवर,
खाली वैद्यबुवांचा पत्ता, मंगळवारी बंद.
टवटवी फुलांची. पालवी झाडांची.
उतारवय आहे, पण ते उतरत उतरत
बाळपणापर्यंत कुठे पोचतं,
आणि सफोकात तर उतारच सापडत नाही.

तरणं.
हा होता आमच्याकडे. पाण्यावर राहणं ते तरणं,
कोवळ्या वयाचं तेही तरणं.
वापर मात्र एकदाच ऐकला, अक्काताई आत्याच्या पाठीमागे.
बावन्नाव्या वर्षी ती सायकल शिकली.
नवरा जाऊन तीन वर्षं झालेली.
टपाल कचेरीपुढे पडली,
ढोपर पुसलं, पुन्हा टांग टाकली.
पिठाच्या गिरणीवर बायका म्हणाल्या,
"म्हातारी तरणी व्हायला निघाली."
शब्दाचा अर्थ कोशात मिळतो.
तो कुणाला फेकून मारायचा, हे गिरणीवर.

विल्फने हत्यार पुढे केलं.
त्याच्याकडे त्याला वेगळं नाव आहे,
माझ्या मुठीला कोयताच कळला.
घाव तिरका घालायचा, म्हणजे पाणी साचत नाही.
"हा बुंधा माझ्या पणजोबाच्या आधीचा," तो म्हणाला.
"नुसता वाढू दिला असता तर सत्तरीत गेला असता.
तोडत आलो, म्हणून आहे."

तेव्हा आला शब्द, थेट शिरोळहून, चिखलाच्या पायांनी:
खोडवा.
ऊस जातो कारखान्याला, बुडखा राहतो रानात.
नवं बेणं नाही, नवी लागण नाही,
त्याच मुळांतून कोंब, पाचटातून वर.
खोटं कशाला बोलू, हेही सांगितलं
की खोडव्याला उतारा कमी पडतो.
दादा दोनदाच ठेवायचे,
म्हणायचे, जमिनीलाही कंटाळा येतो.

"कोडवा."
ख, विल्फ. पोटातून.
"खोडवा." बोराची बी जिभेवर फिरवावी तसं
दोन-तीनदा म्हणाला.
मग पुढच्या बुंध्याशी गुडघा टेकून बसला,
तीन घाव, एक शिवी,
आणि माझा हात न धरता उठला.
खुब्यावर थाप मारली.
"खोडवा," म्हणाला, मोठ्यांदा,
पलीकडच्या पाचही जणांनी वळून बघितलं.

वापर बरोबर होता.
उताऱ्याची आठवण मी काढली नाही.

परतीच्या बसमध्ये बोटांना हिरव्या सालीचा वास,
नखांत चिरलेल्या ढलप्या.
मुलगी लीड्सला गेली त्याला नऊ वर्षं झाली,
तिची सायकल अजून गॅरेजात आहे,
चाकांत हवा नाही, साखळी गंजलेली.
सीट दोन बोटं
खाली घ्यावी लागेल.