तक्ता

खिलारे ड्रायव्हर खुर्चीत बसले,
टोपी मांडीवर, गुडघे जुळवून,
जणू समोर तक्ता नव्हे, डेपो मॅनेजर.
एक डोळा झाका म्हटलं, झाकला.
वाचा म्हटलं, वाचलं:
ग, ठ, र, प, भ, ल,
शेवटची बारीक ओळसुद्धा
रामरक्षा म्हणावी तशी, एका दमात.

तेवीस वर्षं मी या ओळी ऐकतेय
रास्ता पेठेतल्या या अंधाऱ्या खोलीत.
ज्याला दिसतं तो अडखळतो हो.
पुढे वाकतो, डोळे बारीक करतो,
भ की म, म्हणून माझ्याशी वाद घालतो,
आणि पेठेतलाच असेल तर
चुकल्यावर छपाईला नावं ठेवतो.
खरं ओबडधोबडच येतं तोंडातून.

शिवाय तक्ता मी सोमवारी बदलला होता.

"खिलारे, माझ्याकडे बघून सांगा."
त्यांनी बघितलं, माझ्या कानाकडे.
नजर चोरली, असं कुणीही म्हणालं असतं.
पण डोळ्याच्या मधोमध डाग पडला
की समोरचं समोर बघून दिसत नाही,
जरा बाजूला बघावं लागतं,
तेव्हा कुठे कडेकडेनं चेहरा हाती लागतो.
मी नीट दिसावे म्हणून
ते माझ्यावरून नजर काढत होते.
इतक्या मनापासून माझ्याकडे
बऱ्याच दिवसांत कुणी बघितलं नव्हतं.

"चौदा महिने राहिलेत, मॅडम," ते माझ्या कानाला म्हणाले.
"दिवे घाट हातांना पाठ आहे."
मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
घाट पाठ असेल.
वळणावर समोरून येणारा कुणाला पाठ असतो?
अनफिट लिहिलं.
अक्षर नेहमीपेक्षा सुवाच्य आलं.

बाहेर बाकावर त्यांच्या मिसेस, अनसूयाबाई,
मांडीवर डब्याची पिशवी.
"काही विशेष नाही," मी म्हणाले,
"थोडा नंबर वाढलाय, थेंब लिहून दिलेत."
एका दमात.

माझ्या डोळ्यांत त्यांनी बघितलंच नाही.
हाताकडे बघितलं.
टोपण मी अजून काढत होते, लावत होते.
"बरं," म्हणाल्या.
कुठला थेंब, किती वेळा, काही विचारलं नाही.
नवऱ्याचा हातही धरला नाही,
नुसत्या त्याच्या पुढे जिना उतरू लागल्या,
दर पायरीला, सवयीनं,
बांगड्या वाजवत.