उतार

शुक्रवारी पहाटे चारला
सोहारच्या कॅम्पातून निघायचो आम्ही,
झोपलेल्यांच्या चपला ओलांडत,
हातात आपापली थापी.
कंपनीची बस नाही. प्रसादरावची पिकअप,
मागे सिमेंटच्या गोण्यांवर सात जण,
आणि वारा गार, म्हणजे
भाजत नाही इतकाच.

गेटवर रजिस्टर.
नाव शद्रक त्रिभुवन, काम टाइल फिटर.
कंपनी?
पोरगा म्हणाला, व्हॉलंटियर लिहितो.
मजुरीच्या रकान्यात त्याने आडवी रेघ ओढली.
मी ती रेघ बघत राहिलो.

सुवार्ता फोनवर म्हणाली, ओव्हरटाइम सोडून फुकट?
आमच्या घरात हा शब्द जपून वापरतात.
आज्याने गावाची लाकडं फोडली फुकट,
साहेबाच्या घोड्यापुढं पळाला फुकट
आणि दिवेलागणीला भाकरीसाठी दारोदार.
बाप्तिस्म्याआधी पाळकाला त्यानं
एकच विचारलं म्हणे :
इथं वेठ असते का?

मी म्हणालो, हे तसं नाही.
मग कसं?
तेवढ्यात कार्ड संपलं.

बाहेरून गोडाऊन वाटावं असं मंदिर.
रस्त्यावरून दिसेल असा क्रूस नको, घंटा नको,
असं ठरलेलं.
आत कोशी इंजिनियर माल कालवायचा,
आठवडाभर एसीत बसून नकाशे बघणारा माणूस,
तळहाताला फोड.
मी ओरडलो, पाणी जास्त झालं!
तो सॉरी म्हणाला.
अकरा वर्षांत कुठला इंजिनियर
मला सॉरी म्हणाला नव्हता.
पुढचा अर्धा तास माझी एकही फरशी
ओळीत बसली नाही.

मारितेसला पंधरवड्यातून एकदा सुट्टी,
तीही दुपारपर्यंत.
चार फरश्यांच्या कोपऱ्यात बसवायचे
प्लास्टिकचे ते अधिकाच्या आकाराचे तुकडे
ती ओंजळीत घेऊन माझ्यामागे गुडघ्यांवर सरकायची.
आम्ही त्यांना स्पेसर म्हणतो.
ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणायची आणि हसायची.
सांधे भरायच्या आधी ते सगळे उपसून काढतात.
तिने मोजून परत डब्यात टाकले,
एक कमी भरला.

शेवटच्या शुक्रवारी प्रसादरावने
वचन वाचलं, बादली उपडी केली.
त्या दिवशीचा उतारा मला आठवत नाही,
उतार आठवतो.
पाणी थांबेना.
वेदीच्या जागेपासून निघालं,
बाकांच्या खुणांमधून सावकाश
दारापर्यंत गेलं आणि
उंबऱ्यावरून रेतीत.

कुणी बोललं नाही.
कोशीने लेव्हल लावली, पुन्हा लावली :
बारा मीटरला नऊ मिलिमीटर.
काय सांगणार त्याला?
अकरा वर्षं बाथरूमं केली मी,
हॉटेलांची, व्हिलांची, एकदा मंत्र्याच्या घोड्यांची.
हात आपसूक जाळीकडे कलतो.
देवाच्या घरातसुद्धा
हाताला वाटलं, पाणी कुठून तरी जायला हवं.

उखडू का, मी विचारलं.
उपासनेला नऊ दिवस होते.
मारितेस म्हणाली, पुसायला सोपं.
कोशी हसला नाही. बघू, म्हणाला,
पुढच्या शुक्रवारी बघू.

मंगळवारी कंपनीची यादी लागली.
चौथं नाव माझं.
शुक्रवारी मी शेवगावच्या स्टँडवर
एका हातात बॅग, दुसऱ्या हातात
कापडात गुंडाळलेली थापी घेऊन उभा.

महिन्याने फोटो आला.
पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मुलं, हात वर,
कोशी कडेला, अर्धाच.
मी दोन बोटांनी फोटो मोठा करत गेलो,
माणसं बाजूला सरकवत,
बुटांच्या मधली फरशी दिसेपर्यंत.
फोटोत उतार दिसत नाही.
नऊ मिलिमीटर कशात दिसणार?
उखडली असेल. नसेलही.

सुवार्ताने मोबाइल हिसकावला,
डोळ्यांजवळ धरला.
हे बघ, इथं पाणी साचलंय, म्हणाली.
ट्यूबलाइट आहे ती.
साचलंय रे, चमकतंय की.

नाही, म्हणालो मी,
तिथं पाणी थांबत नाही.